वाढते वन, बुजती वाट
व्यापारी वनांतील सायकलवाटांची निगा : ब्रिटनमधील अनुभव

लाकडासाठी लावलेल्या वनात दोन क्रिया अखंड चालू असतात. झाडे वाढत असतात आणि वाटा बुजत असतात. वनाधिकाऱ्याला पहिलीची चिंता असते, कारण तिच्यावर त्याचे उत्पन्न अवलंबून असते. दुसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पण त्याच वनात लोक फिरावयास, व्यायामास किंवा खेळास येऊ लागले म्हणजे वाट ही वनाइतकीच जपण्याची वस्तू ठरते. मग ती कोणी साफ करावयाची, केव्हा करावयाची, कोणत्या हत्याराने करावयाची आणि अपघात झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, असे अनेक प्रश्न उभे राहतात.

ब्रिटनमधील सरकारी रोपवनांत डोंगरी सायकलींसाठी शेकडो किलोमीटर लांबीच्या वाटा आहेत. गेल्या तीन दशकांत तेथे या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा जो प्रयत्न झाला, तो सार्वजनिक मालमत्तेची देखभाल करणाऱ्या कोणालाही विचार करावयास लावणारा आहे.

लाकडाच्या टंचाईतून उभे राहिलेले वन

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनला लाकडाची तीव्र टंचाई जाणवली. कोळशाच्या खाणींत छताला टेकू देण्यासाठी लागणारे लाकूड मोठ्या प्रमाणावर परदेशातून येत असे. युद्धामुळे ही आयात धोक्यात आली. त्या वेळी देशाच्या एकूण भूभागापैकी जेमतेम पाच टक्के भाग वनाखाली उरला होता. युद्ध संपताच १९१९ मध्ये वनविषयक कायदा करण्यात आला आणि त्यानुसार वन आयोगाची स्थापना झाली. देशाला लाकडाचा साठा निर्माण करून देणे, हे या आयोगाचे मुख्य काम होते.

शेतीला निरुपयोगी समजली जाणारी डोंगराळ, ओलसर आणि निकस जमीन आयोगाने मिळविली व तीवर सूचिपर्णी वृक्षांची लागवड केली. त्यांपैकी सिटका स्प्रूस हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा वृक्ष ब्रिटनच्या पावसाळी हवेला विशेष मानवला. आज ब्रिटनचा सुमारे तेरा टक्के भूभाग वनाखाली आहे आणि त्यात या वृक्षाचा वाटा फार मोठा आहे.

वेल्समधील कोएद-अ-ब्रेनिन हे वन या धोरणाचे एक ठळक उदाहरण होय. वन आयोगाने येथील जमीन १९२२ मध्ये घेतली. पुढे १९३५ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त या वनाला हे नाव देण्यात आले. वेल्श भाषेत त्याचा अर्थ ‘राजाचे वन’ असा होतो. नाव राजाचे असले तरी वन लाकडासाठी होते. झाडे लावावी, विरळणी करावी, ठरलेल्या वर्षी तोडावी आणि पुन्हा लावावी, हाच त्याचा क्रम होता.

सायकल डोंगरावर आली

डोंगरी सायकलीचा खेळ तसा नवा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारांवरून शर्यती लावू लागले. त्यातूनच या सायकलीचा जन्म झाला. १९९० मध्ये अमेरिकेतच या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याला स्थान मिळाले.

ब्रिटनमध्ये १९६८ च्या ग्रामीण परिसरविषयक कायद्याने घोडेस्वारांसाठी राखलेल्या वाटांवरून सायकल नेण्यास परवानगी दिली होती. परंतु डोंगरी सायकलींची संख्या वाढू लागली तेव्हा या जुन्या वाटा अपुऱ्या पडल्या. पावसाळी हवेत टायरांनी चिखल होई, वाट रुंदावत जाई आणि पायी फिरणारांशी खटके उडत.

यावर १९९० च्या दशकाच्या मध्यात कोएद-अ-ब्रेनिन येथे एक मार्ग निघाला. वनसेवेतील कर्मचारी डॅफिड डेव्हिस यांच्या पुढाकाराने खास सायकलींसाठी, स्थानिक दगड वापरून, पाण्याचा निचरा होईल अशा अरुंद वाटा बांधण्यात आल्या. सायकलींसाठी हेतुपूर्वक बांधलेल्या वाटांचे हे ब्रिटनमधील पहिले केंद्र मानले जाते. वाटा त्यांच्या अवघडपणानुसार हिरवी, निळी, लाल आणि काळी अशा चार रंगांच्या खुणांनी दाखविण्याची पद्धत आता तेथे सर्वत्र रूढ झाली आहे. हिरवी वाट नवशिक्यासाठी, तर काळी केवळ सराईतासाठी असते.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये जनावरांना होणाऱ्या लाळ-खुरकूत रोगाची भीषण साथ आली. लक्षावधी जनावरे मारावी लागली आणि ग्रामीण भागातील वाटा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. दक्षिण स्कॉटलंडच्या पशुपालक भागाला याचा जबर फटका बसला. त्यानंतरच्या वर्षांत तेथील सरकारी वनांत सात ठिकाणी सायकलवाटांची केंद्रे उभारण्यात आली. या योजनेला ‘सेव्हन स्टेन्स’ असे नाव देण्यात आले. स्कॉट बोलीत ‘स्टेन’ म्हणजे दगड. या केंद्रांवर कोरीव शिळा बसविण्यात आल्या आहेत. त्यांपैकी ग्लेनट्रेस येथील वनात २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात जागतिक अजिंक्यपद स्पर्धांपैकी डोंगरी सायकलींच्या काही शर्यती झाल्या. अशा रीतीने लाकडासाठी लावलेली वने आसपासच्या लहान गावांतील खाणावळी, निवासगृहे आणि सायकल-दुरुस्तीची दुकाने यांच्या उपजीविकेचाही आधार बनली.

वाट का बुजते ?

वनातील वाट बुजण्याचे कारण केवळ पाऊस आणि दुर्लक्ष एवढेच नाही. व्यापारी वनाची प्रत्येक अवस्था वाटेवर निराळा परिणाम करते. ही अवस्था ओळखल्याशिवाय साफसफाईचे काम नीट आखता येत नाही.

रोपे साधारणपणे दोन मीटर अंतराने लावली जातात. पहिली काही वर्षे ती गुडघ्याएवढीच असतात आणि जमिनीवर भरपूर ऊन पडते. या उन्हात गवत, ब्रॅकन नावाचा उंच नेचा, ब्रॅम्बल ही काटेरी झुडपी वेल, पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स आणि आपोआप रुजलेले बर्च यांची एकच दाटी होते. ब्रॅकन एका उन्हाळ्यात माणसाच्या खांद्यापर्यंत पोहोचतो. त्याच्याआड वाटेचे वळण दिसेनासे होते आणि दगड झाकले जातात.

दहा-पंधरा वर्षांनी रोपांच्या फांद्या एकमेकींत गुंततात. आता तण कमी होते, पण झाडांच्या खालच्या फांद्याच दोन्ही बाजूंनी वाटेवर येतात. सूचिपर्णी वृक्षाची वाळलेली फांदी ताठ आणि टोकदार असते. वेगात येणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्याला तिच्यापासून मोठा धोका संभवतो.

पुढे वृक्षांचे छत्र पूर्ण मिटते. विरळणी न केलेल्या सिटका स्प्रूसच्या वनात इतका अंधार असतो की, जमिनीवर सुईसारख्या पानांच्या थराखेरीज काही दिसत नाही. वाटेच्या दृष्टीने हा सर्वांत सुखाचा काळ होय. या काळात झुडपे माजत नाहीत. उघडी पडणारी मुळे आणि तुंबणारे चर एवढ्यांकडेच पाहावे लागते. मात्र विरळणी झाली की, छत्रात खिडक्या पडतात, ऊन आत येते आणि बियाण्याच्या रूपाने दडून राहिलेले रान पुन्हा डोके वर काढते.

शेवटची अवस्था तोडीची. सिटका स्प्रूस साधारणतः पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांत तोडीला येतो. एका तुकड्यातील सर्व झाडे एकदम तोडली जातात. वाटेवर फांद्यांचा व शेंड्यांचा खच पडतो आणि अवजड यंत्रांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या उमटतात. त्यानंतर जमीन काही वर्षे तशीच ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ताज्या खोडक्यांत वाढणारे भुंगेरे नव्या रोपांची साल खातात, म्हणून त्यांचा जोर ओसरेपर्यंत थांबतात. लाकडाच्या हिशेबात हा विश्रांतीचा काळ असला, तरी वाटेच्या दृष्टीने तो सर्वांत घातक ठरतो. वनात कोणी येत नाही, ऊन भरपूर असते आणि एक-दोन उन्हाळ्यांत वाट होती कोठे हेच सांगता येत नाही. पुनर्लागवडीच्या वेळी वाटेची रेषा नकाशावर आणि जागेवर दाखविलेली नसेल, तर रोपे थेट वाटेवरच लावली जाण्याची भीती असते.

साफसफाईचा क्रम

बुजलेली वाट दिसताच कोयता उगारणे ही कामाची खरी सुरुवात नव्हे. अनुभवी कर्मचारी प्रथम संपूर्ण वाट रिकाम्या हाताने चालून पाहतात. कोठे झाड आडवे पडले आहे, कोठे पाणी वाटेवरून वाहते आहे आणि कोठे समोरचे दिसत नाही, याची नोंद नकाशावर करतात. या पाहणीतून कामाचे तीन भाग पडतात : पाणी, वाढ आणि पडझड.

पहिला मान पाण्याचा. वाट झुडपांमुळे दिसेनाशी होते, पण ती नष्ट होते पाण्यामुळे. पाने आणि माती साचून चर तुंबला की, पाणी वाटेवर उतरते, तिलाच ओढा समजून वाहू लागते आणि वर्षभरात दगडी थर उखडून टाकते. म्हणून चर मोकळे करणे, मोऱ्यांची तोंडे साफ करणे आणि वाटेची खालची कड कापून पाण्याला बाहेर जाण्यास जागा देणे ही कामे आधी केली जातात. उत्तम वाट बाहेरच्या अंगाला किंचित कललेली असते आणि ठरावीक अंतरावर थोडी चढून पुन्हा उतरते. त्यामुळे पाणी एके ठिकाणी जोर धरू शकत नाही. हा कल मातीच्या कडेमुळे नाहीसा झाला असेल, तर फावड्याने पुन्हा करून घ्यावा लागतो.

दुसरा भाग वाढीचा. डोंगरी सायकलचे हँडल पाऊण मीटरहून थोडे अधिक रुंद असते आणि वळणावर स्वाराचे शरीर आत झुकते. तेव्हा वाट केवळ चाकापुरती मोकळी असून भागत नाही. खांदा, कोपर आणि डोके यांच्या टप्प्यातील फांद्या काढाव्या लागतात. वळणाच्या आतील बाजू अधिक मोकळी ठेवावी लागते, कारण समोरून पायी येणारा माणूस दिसला पाहिजे आणि ब्रेक लावण्यास अंतर मिळाले पाहिजे.

कापण्याची रीतही ठरलेली आहे. लहान खोड जमिनीसरशी आणि आडवे कापावे लागते. घाईत ते वीतभर उंचीवर तिरके कापले तर मागे भाल्यासारखे टोक उरते आणि पडणाऱ्या स्वाराला त्यामुळे गंभीर इजा होऊ शकते. फांदी कापताना ती खोडाला जेथे मिळते तेथील फुगीर कंगोऱ्याच्या बाहेरून, पण खुंटी न ठेवता कापतात. त्यामुळे झाडाची जखम लवकर भरते. कापलेला माल चरात टाकावयाचा नसतो. तो वाटेपासून दूर ओढून, जाड बुंधा वनाकडे आणि शेंडा वाटेकडे ठेवून पसरतात. म्हणजे टोके कोणाला लागत नाहीत आणि माल लवकर कुजून मातीला मिळतो.

येथे एक विवेक सांभाळावा लागतो. वाट जितकी रुंद कापावी तितके ऊन अधिक येते आणि पुढील वर्षी तण दुप्पट जोमाने उगवते. शिवाय रुंद व सरळ दिसणाऱ्या वाटेवर सायकलींचा वेगही वाढतो. म्हणून जाणकार मंडळी वाटेचा बोगदा मोकळा करतात, पण वरचे छत्र उघडत नाहीत. सावली राहिली तर निम्मे काम सावलीच करते.

तिसरा भाग पडझडीचा, आणि तोच सर्वांत धोक्याचा. ओलसर जमिनीत सिटका स्प्रूसची मुळे खोल न जाता पसरतात. वादळात झाड मुळांसह उन्मळून पडते आणि मातीची भिंत उभी राहते. शेजारचा तुकडा तोडल्यानंतर आतापर्यंत आडोशाला असलेली झाडे उघडी पडतात आणि पहिल्याच मोठ्या वादळात कोसळतात. पडलेले खोड वाकून ताणलेले असते. ते चुकीच्या बाजूने कापले तर प्रचंड जोराने उसळते. बुंधा मुळांपासून वेगळा होताच मातीची उभी भिंत परत खड्ड्यात बसू शकते आणि मागे उभा असलेला माणूस तिच्याखाली सापडू शकतो. या कारणासाठी यांत्रिक करवत चालविण्याचे काम प्रशिक्षित व प्रमाणित कामगाराकडेच दिले जाते. हौशी स्वयंसेवकांच्या हाती सामान्यतः लांब दांड्याची कातर, हातकरवत, फावडे आणि दाताळे एवढीच साधने असतात. २०२१ च्या नोव्हेंबरमधील ‘अरवेन’ वादळाने स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमध्ये आणि २०२४ च्या डिसेंबरमधील ‘डॅराह’ वादळाने वेल्समध्ये वनांची मोठी हानी केली. अशा वेळी वाटा बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

पक्षी, ऋतू आणि रोग

साफसफाईला ऋतूचे बंधन आहे. ब्रिटनमधील १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यान्वये पक्ष्याचे वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे हा गुन्हा आहे. विणीचा मुख्य काळ मार्च ते ऑगस्ट हा असल्याने झुडपांची मोठी कटाई सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकण्याचा प्रघात आहे. अडचण अशी की, रान नेमके उन्हाळ्यातच माजते. यातून मार्ग काढण्यासाठी दाट झुडपे हिवाळ्यात कापली जातात आणि उन्हाळ्यात केवळ वाटेच्या काठचे गवत व ब्रॅकन, घरटी नसल्याची खात्री करून, काढले जातात. ब्रॅकनचा साठा जमिनीखालच्या कंदासारख्या खोडात असतो. त्यामुळे एकदा कापून तो हटत नाही. उन्हाळ्याच्या मध्यास एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा, असे काही वर्षे नेमाने कापल्यासच त्याचा जोर मोडतो.

ब्रॅकनच्या व गवताच्या दाटीत गोचिड्याही असतात. त्यांच्या दंशातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. त्यामुळे अंगभर कपडे घालणे आणि काम संपल्यावर अंग तपासणे हा नियमच झाला आहे. वाटेच्या कडा मोकळ्या ठेवण्याने सायकलस्वारांचेही यापासून बऱ्याच अंशी रक्षण होते.

झाडांच्या रोगांचाही प्रश्न आहे. फायटॉफ्थोरा रॅमोरम हा सूक्ष्म जीव २००९ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडमधील जपानी लार्च वृक्षांवर आढळला आणि पुढील वर्षी वेल्समध्येही पोहोचला. रोग पसरू नये म्हणून बाधित लार्च तोडण्याचे आदेश देण्यात आले. वेल्समधील अनेक सायकलवाटा लार्चच्या वनांतून जात असल्याने त्या दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या. ज्या उतारांवर सावली होती ते एकाएकी उघडे पडले आणि वाटांवर रान माजले. हा जीव ओल्या मातीबरोबर एका वनातून दुसऱ्या वनात जाऊ शकतो. म्हणून बूट, टायर आणि हत्यारे धुऊनच वनात यावे, अशी सूचना वाटांच्या तोंडाशी लावलेली असते.

‘वाट बंद’ या फलकाचा अर्थ

तोडीच्या काळात वनखात्याचा आणि सायकलस्वारांचा सर्वाधिक संघर्ष होतो. उतारावरचे यंत्र थांबलेले दिसते, रविवार असतो, आणि फलक ओलांडून जाण्याचा मोह अनेकांना होतो. पण उभ्या झाडाच्या उंचीच्या दुपटीइतके अंतर हे तोडीच्या वेळी धोक्याचे क्षेत्र मानले जाते. शिवाय उतारावर रचलेला ओंडक्यांचा ढीग यंत्र बंद असतानाही घसरू शकतो. यंत्रचालकाला आपल्या कक्षातून वाटेवरचा सायकलस्वार दिसेलच असे नसते. फलक झुगारणारा माणूस स्वतःबरोबर त्या कामगारालाही संकटात टाकतो.

मात्र फलक लावून आपले कर्तव्य संपले, असे वन-यंत्रणेनेही मानून चालत नाही. वाट किती दिवस बंद राहणार, पर्यायी वाट कोणती आणि तोड संपल्यावर मूळ वाट परत कोणी बांधून देणार, हे सांगितले नाही तर लोक स्वतःच्या नव्या वाटा पाडतात. त्या बहुधा सरळ उताराने जातात, पाण्याने खचतात आणि कधी पक्ष्यांच्या वसतिस्थानातून जातात. म्हणून आता तोडीचे काम आखतानाच वाटेची पुनर्बांधणी त्याचाच एक भाग धरावी, असा आग्रह धरला जातो. फांद्यांचा खच वाटेवरून काढणे, चाकोऱ्या बुजविणे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंस लागवड न करता पट्टा सोडणे या गोष्टी आधी ठरल्या तर अल्प खर्चात होतात. मागाहून त्याच गोष्टी फार महाग पडतात.

जबाबदारी कोणाची ?

ब्रिटनमध्ये प्रवेशाचे कायदे सर्वत्र सारखे नाहीत. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क लोकांना दिला असून त्यात सायकलचाही समावेश होतो. इंग्लंड व वेल्समध्ये २००० च्या कायद्याने दिलेला मुक्त प्रवेश मुख्यतः पायी फिरण्यापुरता आहे. सायकलसाठी ठरलेल्या वाटा किंवा जमीनमालकाची परवानगी लागते. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली पाहिजे, असा दंडक इंग्लंड व वेल्समध्ये १९५७ च्या आणि स्कॉटलंडमध्ये १९६० च्या कायद्याने घातला आहे. त्यामुळे वनात एखादी अनधिकृत वाट दिसली की, अधिकाऱ्यापुढे पेच उभा राहतो. ती मोडली तर लोक दुखावतात आणि दुसरी पाडतात. तशीच राहू दिली तर अपघाताचा दोष आपल्यावर येईल अशी भीती वाटते.

यावर अनेक ठिकाणी लेखी कराराचा मार्ग स्वीकारण्यात आला आहे. स्थानिक सायकलस्वारांची मंडळी एखादी वाट जणू दत्तक घेते. कोणत्या वाटेवर काम करावयाचे, कोणती हत्यारे वापरावयाची, काम कोणत्या महिन्यांत करावयाचे, पाहणीची नोंद कशी ठेवावयाची आणि काम कोणाच्या देखरेखीखाली चालेल, हे आधी ठरते. वन-यंत्रणा तोडीचे वेळापत्रक मंडळाला कळविते आणि मंडळ पडझडीची वर्दी यंत्रणेला देते. महिन्यातून एखाद्या रविवारी पंधरा-वीस माणसे फावडी घेऊन जमतात. या श्रमदानामुळे मजुरीचा खर्च वाचतोच, शिवाय ज्याने स्वतः चर उपसला आहे तो दुसऱ्याला चरावरून सायकल नेऊ देत नाही.

तरीही स्वयंसेवकांवर सगळा भार टाकता येत नाही, हेही अनुभवास आले आहे. मोठी झाडे हलविणे, दगडी थर पुन्हा बसविणे, पूल तपासणे ही कामे पैशाची आणि कुशल हातांची आहेत. कोएद-अ-ब्रेनिन येथे आर्थिक काटकसरीच्या धोरणामुळे ३१ मार्च २०२५ पासून वेल्समधील शासकीय यंत्रणेने अभ्यागत केंद्रातील उपाहारगृह व दुकान चालविणे बंद केले. वाटा खुल्या ठेवण्यात आल्या. पण ज्या केंद्राने ब्रिटनमध्ये या वाटांचा पायंडा पाडला, त्याच्यावर ही वेळ आल्याने स्थानिक लोकांत तीव्र प्रतिक्रिया उमटली. वाट बांधण्यासाठी निधी मिळणे तुलनेने सोपे असते, कारण तिचे उद्‌घाटन करता येते. तीच वाट तीस वर्षे झाडून-पुसून ठेवण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम मिळविणे अवघड असते, हा धडा सर्वत्र सारखाच आहे.

आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्रातही लाकडासाठी लावलेली वने आहेत. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राज्याच्या वन विकास महामंडळाची स्थापना १९७४ मध्ये झाली आणि त्याच्या रोपवनांत सागाला प्रमुख स्थान आहे. आपल्या रानात ब्रॅकन आणि ब्रॅम्बल यांचे काम घाणेरी आणि रानमोडी करतात. छत्र उघडले की, त्यांचेही तसेच फावते. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करण्याचे काम आपल्या वनकर्मचाऱ्यांना आणि वनालगतच्या गावांना चांगले परिचित आहे. जाळरेषा ही वणव्याला अडविण्यासाठी असते आणि सायकलवाट लोकांना आत नेण्यासाठी. हेतू निरनिराळे असले तरी देखभालीचे सूत्र एकच आहे. वर्षभर दुर्लक्षिलेली रेषा ऐन वेळी साफ करणे अशक्य होते.

मात्र आपल्याकडे वनात झुडूप तोडणे ही कोणाच्या मर्जीची बाब नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यांची बंधने पाळावी लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्यावर वनाच्या संरक्षणाची आणि व्यवस्थापनाची जबाबदारीही आली आहे. अशा गावांनी पाऊलवाट, पाणवठ्याकडे जाणारी वाट किंवा जाळरेषा यांची निगा ठरविताना आधी पाहणी, मग पाण्याचा निचरा, नंतर बेताची कटाई, विणीच्या काळाचे भान, आणि कोण काय करील याची लेखी नोंद, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळेतील विद्यार्थ्यांकडून गावाजवळच्या एखाद्या वाटेची वर्षातून दोनदा पाहणी करवून तिचा नकाशा तयार केला, तरी झाड, पाणी आणि माती यांचा परस्परसंबंध पाठ्यपुस्तकाबाहेर प्रत्यक्ष शिकता येईल.

वनात झाड लावणारा माणूस चाळीस वर्षांचा हिशेब मांडतो. वाटेचा हिशेब मात्र दर पावसाळ्यानंतर नव्याने मांडावा लागतो. ब्रिटनमधील वनांत ज्या वाटा आज सुस्थितीत आहेत, त्या बांधणाऱ्यांच्या कौशल्यामुळे जशा टिकल्या, तशाच दर हिवाळ्यात चर उपसणाऱ्या आणि वाकलेल्या फांद्या कापणाऱ्या माणसांमुळेही टिकल्या आहेत. अशी माणसे आणि त्यांच्यासाठी नियमित, थोडीशी तरतूद यांची जेथे जोड मिळाली, तेथे लाकडाचे पीक घेणारे वनही लोकांना आपले वाटू लागले आहे.